फॉलोअर्स भरपूर पण ऑर्डर नाहीत? आधी गिऱ्हाईक कोण ते ठरवा

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. गोव्यात डिचोलीला घरीच आगळ (कोकमाचा घट्ट रस), सोलां (कोकमाची सुकवलेली सालं), शाकुती मसाला आणि आंब्याचं मिस्कूट (लोणचं) करून विकता, इन्स्टाग्रामवर अकरा हजारांवर फॉलोअर्स आहेत, रील्स चांगल्या चालतात, पण ऑर्डर महिन्याला दहा-पंधराच्या वर जात नाहीत. आता एक एजन्सी महिना वीस हजार मागतेय, ती घ्यावी का, की त्यापेक्षा वेबसाइट करावी, किंवा एखाद्या इन्फ्लुएन्सरला बोलवावं, असं विचारलंत. मी फोंड्यात राहून बरीच वर्षं हेच काम करतोय, म्हापसा, मडगाव, काणकोणपर्यंतच्या छोट्या धंद्यांचं ऑनलाइन बघतो, त्यामुळे जरा लांब लिहितोय, वेळ काढून वाचा.

एजन्सीचं शेवटी सांगतो. त्याआधी आत्ताच्या आत्ता इन्स्टाग्रामच्या इनसाइट्समध्ये जा, तिथे फॉलोअर्स कुठल्या शहरांतले आहेत ते दिसतं. माझा अंदाज असा की पणजी, म्हापसा, मडगाव मिळून छोटासा हिस्सा असेल आणि बाकी मुंबई, पुणे, बेंगळुरू, दिल्ली आणि कुठली कुठली गावं. रील भारतभर फिरते, बघणाऱ्याला कुळागर (सुपारी-माडांची बाग) आवडतं, लाल भिंडांचा (कोकमाच्या फळांचा) ढीग आवडतो, तो लाइक करतो आणि पुढे जातो. त्याला आगळ घरी कसं मागवायचं हे तुम्ही कुठेच सांगितलेलं नाही, मी तुमचं वर्णन वाचून सांगतोय, बायोमध्ये फक्त 'ऑर्डरसाठी डीएम करा' एवढंच आहे म्हणालात ना. आणि गोव्यातल्या ज्या बाईला खरोखर आगळ हवंय तिच्यापर्यंत ती रील पोचतच नाही. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या आसपास होती. एवढ्या छोट्या राज्यात 'व्हायरल' होणं म्हणजे बहुतेक वेळा राज्याबाहेर व्हायरल होणं, हे डोक्यात पक्कं बसवा.

तुमच्या मालाची गिऱ्हाईकं तीन तऱ्हेची आहेत आणि तिघांचं वागणं पूर्ण वेगळं आहे.

पहिलं, इथलं घरगुती गिऱ्हाईक. याला आगळ म्हणजे काय ते शिकवायला लागत नाही, त्याला फक्त चव, भाव आणि 'कोणाकडचं आहे' एवढं कळलं की झालं. तो दोन वेळा मोठी खरेदी करतो. एक एप्रिल-मेमध्ये पुरुमेंताला, पावसाच्या आधी मिरच्या, सोलां, सुकं सगळं भरून ठेवायची आपल्याकडची जुनी सवय, आजही म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मे महिन्यात जाऊन बघा. दुसरं चवथीला (गणेशचतुर्थीला), तेव्हा घरात पाहुणे, मुंबईहून आलेली मंडळी, सगळ्यांसाठी जेवण. हा माणूस कुरियर मागत नाही, कामाच्या वाटेवर पिकअप मागतो किंवा कोणाच्या तरी हातून पाठवा म्हणतो.

दुसरं, पर्यटक. ऑक्टोबर ते मार्च जोर, नाताळाला कळस. त्याला 'आगळ' हा शब्दच माहीत नाही, तो गुगलवर कोकम, गोवन मसाला, गोव्याहून काय न्यायचं असलं काहीतरी इंग्रजीत टाकतो. त्याला बाटली बॅगेत फुटेल ही भीती असते, म्हणून लहान पॅक, घट्ट सील आणि मोपा किंवा दाबोळी विमानतळाच्या वाटेवर कुठेतरी मिळणं महत्त्वाचं. एकदा घेतो आणि जातो.

तिसरं मला तुमच्यासाठी सगळ्यात मोलाचं वाटतं. गोव्याबाहेर राहणारे गोंयकार आणि कोकण-गोव्याची चव माहीत असलेले मुंबई-पुण्याचे लोक. यांना माल माहीत आहे, तिकडे नीट मिळत नाही, पैसे द्यायची तयारी आहे, आणि एकदा चव पटली की वर्षानुवर्षं तुमच्याकडूनच घेतात. उन्हाळा लागला की सोलकढीसाठी यांची मागणी वाढते आणि नेमकी तेव्हाच तुमच्याकडे ताजी भिंडां येतात. अजून काय पाहिजे.

आता बघा, तुमच्या रील्स पर्यटकाला आवडतील अशा आहेत, भाव आणि पिकअप इथल्या माणसाच्या सोयीचा आहे आणि जो खरा कायमचा गिऱ्हाईक होऊ शकतो त्याच्यासाठी काहीच केलेलं नाही. म्हणून ऑर्डर अडल्यात. एजन्सी आणून जाहिरातीवर पैसे घातले तरी हे आहे तसंच राहील, फक्त जास्त लोक येऊन परत जातील. माझं मत स्पष्ट आहे, येत्या सहा महिन्यांसाठी तिसरं गिऱ्हाईक मुख्य धरा, पहिलं जोडीला ठेवा, पर्यटकाच्या मागे आत्ता लागू नका. तो आला तर एखाद्या दुकानात ठेवायला दिलेल्या मालातून घेईल.

हे ठरलं की पुढची कामं आपोआप सुचतात. पहिलं काम व्हॉट्सअ‍ॅप. साधं नाही, व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस, ते फुकट आहे. त्यात कॅटलॉग करा, प्रत्येक वस्तूचा स्वच्छ उजेडातला फोटो, वजन किंवा मिली, किती दिवस टिकतं, आणि भाव. भाव लिहाच. 'प्राइस साठी डीएम' हा प्रकार मला अजिबात पटत नाही, माणूस रात्री अकराला रील बघतो, मेसेज टाकतो, तुम्ही सकाळी उत्तर देता तोवर त्याचा मूड गेलेला असतो, आणि निम्मे लोक तर लाजेपोटी विचारतच नाहीत, विचारून नाही म्हणायला नको म्हणून. भाव दिसला तर जो मेसेज करतो तो घेण्यासाठीच करतो. मग इन्स्टाग्रामच्या बायोमध्ये थेट व्हॉट्सअ‍ॅप चॅट उघडणारी लिंक द्या. आणि नावाच्या रकान्यात नुसतं ब्रँडचं नाव न ठेवता आगळ, कोकम, गोवन मसाला हे शब्द इंग्रजी अक्षरांत टाका, कारण इन्स्टाग्रामच्या सर्चमध्ये तो रकाना धरला जातो. जुलै २०२५ पासून प्रोफेशनल अकाउंटच्या पब्लिक पोस्ट गुगलमध्येही दिसू शकतात, त्यामुळे कॅप्शनमध्ये 'माझं पहिलं प्रेम कोकण' असलं काही लिहिण्यापेक्षा 'सोलकढीसाठी आगळ, पुण्या-मुंबईला घरपोच' असं सरळ लिहिलेलं कामाला येतं.

व्हॉट्सअ‍ॅपवर लेबल लावायची सोय आहे ती मनावर घेऊन वापरा. पुणे, मुंबई, डिचोली पिकअप, पैसे बाकी, पुरुमेंत अशी लेबलं. क्विक रिप्लायमध्ये कुरियरचा खर्च, पैसे कसे द्यायचे, आगळ किती पाण्यात किती घालायचं ही उत्तरं लिहून ठेवा, म्हणजे तेच तेच टाइप करायला नको आणि घरातल्या दुसऱ्या कोणीही उत्तर दिलं तरी फरक पडत नाही. ब्रॉडकास्ट लिस्टचं (एकच मेसेज एकदम अनेकांना पाठवायची यादी) एक लक्षात ठेवा, एका लिस्टमध्ये २५६ नंबर बसतात आणि ज्याने तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये सेव्ह केलाय त्यालाच तो मेसेज पोचतो. बरेच लोक म्हणतात ब्रॉडकास्टला कोणी उत्तर देत नाही, अहो त्यांना मेसेज गेलेलाच नसतो. म्हणून प्रत्येक पार्सलमध्ये एक छोटं कार्ड टाका, एका बाजूला सोलकढीची कृती, दुसऱ्या बाजूला 'नंबर सेव्ह करा, नवीन आगळ निघालं की आधी तुम्हाला कळवू'. आणि कुठूनतरी मिळालेल्या नंबरांच्या यादीवर मेसेज मारू नका, लोक रिपोर्ट करतात आणि नंबर बंद पडतो, मग आहे ती गिऱ्हाईकंसुद्धा हातची जातात.

ही नंबरांची यादी हीच तुमची खरी मालमत्ता. २९ जून २०२० ला भारतात टिकटॉक बंद झालं तेव्हा लाखो फॉलोअर्स असलेली माणसं एका रात्रीत रिकामी झाली. गुगल बिझनेस प्रोफाइलवरून (गुगल सर्च आणि नकाशावर धंद्याची माहिती दाखवणारं पान) जी फुकटची वेबसाइट बनवता यायची ती गुगलने मार्च २०२४ मध्ये बंद केली, आपल्याकडे कितीतरी छोट्या गेस्टहाउसवाल्यांच्या कार्डावर तोच पत्ता छापलेला होता. म्हणून दर महिन्याला गिऱ्हाईकाचं नाव, नंबर, गाव, काय घेतलं आणि कधी, हे एका साध्या शीटमध्ये उतरवून ठेवा. वहीतही चालेल.

गुगल बिझनेस प्रोफाइल काढलंय का ते तुम्ही लिहिलं नाही, नसेल तर या आठवड्यात काढा. घरून धंदा करत असाल आणि लोकांनी दारात यायला नको असेल तर पत्ता लपवून फक्त कुठल्या भागात माल देता ते दाखवता येतं. व्हेरिफिकेशनला हल्ली बऱ्याचदा व्हिडिओ मागतात, त्यात रस्ता, घर, तुमची कामाची जागा, भांडी, लेबलं, बाटल्या दाखवा म्हणजे सहसा अडत नाही. कॅटेगरी विचार करून निवडा कारण मुख्य कॅटेगरीवर बरंच अवलंबून असतं. गुगल स्वतः सांगतं की नकाशावर कोण वर दिसणार हे तीन गोष्टींवर ठरतं, शोधलेल्या गोष्टीशी मेळ, अंतर, आणि तुमचं नाव किती परिचित आहे. अंतर तुमच्या हातात नाही, बाकीच्या दोन आहेत, आणि तिसऱ्यात रिव्ह्यू मोठा भाग आहे.

रिव्ह्यू मागायला आपल्या लोकांना संकोच वाटतो. माल पोचल्यावर तीन-चार दिवसांनी, म्हणजे एकदा कढी करून झाल्यावर, 'काकू, कसं झालं होतं?' असं विचारा, मग काहीही म्हणाल्या तरी रिव्ह्यूची लिंक पाठवा आणि सांगा की कुठला पदार्थ केलात ते पण लिहा. पाच स्टार आणि 'नाइस' यापेक्षा 'आगळाची सोलकढी केली, रंग सुंदर आला, पुण्याला दोन दिवसांत पोचलं' हा रिव्ह्यू पुढच्या माणसाला खरी माहिती देतो. रिव्ह्यूच्या बदल्यात सूट किंवा फुकट बाटली देऊ नका, गुगलच्या नियमात ते बसत नाही. वाईट रिव्ह्यू आला तर शांतपणे उत्तर द्या आणि काय दुरुस्त केलं ते लिहा, वाचणारे तेच बघतात.

आता पार्सल, कारण बाहेरगावी माल विकायचा तर मार्केटिंगचं अर्धं काम तिथेच होतं. आगळ गळलं की गिऱ्हाईक गेलं, शिवाय त्याचा डाग जात नाही. काचेच्या बाटलीचा मोह सोडा, चांगली फूड-ग्रेड प्लास्टिक बाटली, आतल्या झाकणाला सील, वरून वेगळी पिशवी. कुरियरवाले नुसतं खरं वजन धरत नाहीत, खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून बहुतेक जण ५००० ने भागतात आणि जे जास्त येईल त्याचे पैसे लावतात. म्हणजे ३० बाय २० बाय २० चं खोकं आत दीड किलोच असलं तरी २.४ किलो धरलं जातं. खोकं मालाच्या मापाचं करून घ्या, तिथेच दर पार्सलमागे पैसे वाचतात. कॅश ऑन डिलिव्हरी सुरुवातीला ठेवूच नका, माल परत आला तर जायचा-यायचा दोन्ही खर्च तुमच्या डोक्यावर आणि परत आलेला खाण्याचा माल पुन्हा विकता पण येत नाही.

लेबलवर एफएसएसएआयचा (अन्न सुरक्षा नोंदणीचा) चौदा आकडी नंबर पाहिजेच. आणि एक गोष्ट जी कोणी सांगत नाही, गोव्यातल्या गोव्यात माल विकताना जीएसटीची उलाढालीची मर्यादा असते, पण करपात्र माल राज्याबाहेर विकायला लागलात की रजिस्ट्रेशन लागतं, उलाढाल कितीही छोटी असली तरी. पुण्याला पार्सलं सुरू करायच्या आधी एकदा सीएकडे बसून हे मार्गी लावा, नंतर धावपळ नको.

मग जाहिरात. आधी कागदावर हिशोब. समजा आगळ, सोलां आणि मसाला मिळून ९०० रुपयांचा एक सेट केलात. माल, बाटल्या आणि तुमची मजुरी धरून ४५०, पॅकिंग ६०, कुरियर १३०. उरले २६०. (तुमची मजुरी धरा हं, घरच्या बाईची मेहनत फुकट धरून काढलेला नफा खोटा असतो.) आता जाहिरातीतून एक ऑर्डर २०० रुपयांना पडली तर वाटतं ६० सुटले, पण जाहिरातीच्या बिलावर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे २३६ गेले आणि हातात २४ राहिले. पहिल्या ऑर्डरवर हे असंच असणार. पण तीच बाई चार महिन्यांनी ब्रॉडकास्ट बघून परत घेते तेव्हा जाहिरात नाही, पूर्ण २६० तुमचे. म्हणून वर एवढं कार्ड, लेबल, यादीचं सांगत बसलो, ते सगळं बसवल्याशिवाय जाहिरात चालू केली तर प्रत्येक वेळी नवीन माणूस विकत घेत राहाल.

जाहिरात करायची तेव्हा पोस्टखालचं बूस्ट बटण दाबून 'प्रोफाइल व्हिजिट' घेऊ नका. मेटाची (इन्स्टाग्राम-फेसबुकवाली कंपनी) सिस्टीम तुम्ही जे मागाल तेच आणून देते, लाइक मागितले तर लाइक करणारी माणसं शोधते, ती विकत घेणारी नसतात. व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज येणारी जाहिरात लावा. पहिल्या खेपेला फक्त पुणे, नाहीतर फक्त ठाणे-मुंबई, एकाच वेळी सगळीकडे नको. रोज ३०० रुपये, सात दिवस, म्हणजे २१०० आणि जीएसटी धरून २४७८. पहिले दोन-तीन दिवस काही बदलू नका, सिस्टीमला शिकायला वेळ लागतो, आपले लोक दुसऱ्याच दिवशी घाबरून बंद करतात. सात दिवसांनी बघा, किती मेसेज आले, त्यातले किती जणांनी पैसे दिले. मेसेज भरपूर आणि ऑर्डर कमी असतील तर गडबड भावात किंवा उत्तर द्यायच्या वेगात आहे. मेसेजच कमी असतील तर व्हिडिओ बदला.

आणि व्हिडिओत काय दाखवायचं, तर पहिल्या क्षणी गुलाबी सोलकढी पेल्यात पडताना, स्क्रीनवर मराठीत 'गोव्याचं घरचं आगळ, पुण्यात घरपोच', मग तुमचे हात काम करताना, मग भाव. तुमचा आवाज ठेवा. आपल्या बोलण्यातला तो हेल ऐकला की बाहेर राहणाऱ्या गोंयकाराला जे वाटतं ते कुठल्याही म्युझिकने येत नाही, मी हे पुन्हा पुन्हा बघितलंय.

गोव्यात जाहिरात लावाल तेव्हा एवढं लक्षात घ्या की मेटावर गोवा निवडलं तर इथे राहणारे आणि हल्ली इथे येऊन गेलेले असे दोन्ही धरले जातात, त्यामुळे सीझनमध्ये तुमचे पैसे पर्यटकांवर जातात. इथल्या गिऱ्हाईकासाठी एप्रिल-मे आणि चवथीच्या आधीचे तीन-चार आठवडे बरे, तेव्हा मजकूर मराठी-कोकणीत ठेवा, आपोआप गाळणी लागते. गुगल अ‍ॅड्स तुम्हाला आत्ता लागत नाही.

इन्फ्लुएन्सरचं विचारलंत. बोलावण्याआधी त्यांच्याकडून फॉलोअर्सच्या शहरांचा स्क्रीनशॉट मागा, लपवला तर सोडून द्या. कॅफे-बीच दाखवणाऱ्यापेक्षा पुण्यातली एखादी घरगुती स्वयंपाक दाखवणारी बाई तुमच्या कामाची, मग तिचे फॉलोअर्स पाच हजार का असेनात. माल फुकट दिला असला तरी ती जाहिरात आहे असं तिने लिहायला हवं.

आता एजन्सी. तुमचा आजचा धंदा बघता महिना वीस हजार देऊ नका, वरच्या हिशोबाने दर सेटला २६० धरले तर नुसती त्यांची फी भागवायला सत्त्याहत्तर ऑर्डर लागतील, जाहिरातीचा खर्च वेगळाच. महिन्याला शंभर-सव्वाशे ऑर्डर यायला लागल्या आणि उत्तरं द्यायला वेळ पुरेना झाला की मग विचार करा, आणि तेव्हाही जाहिरातीचं अकाउंट, इन्स्टाग्राम, गुगल प्रोफाइल सगळं तुमच्या ईमेलवर आणि तुमच्या नावावर पाहिजे, त्यांना फक्त काम करायचा अ‍ॅक्सेस द्यायचा. एका म्हापशाच्या दुकानदाराचं एजन्सीशी फाटलं आणि पेज त्यांच्याच नावावर असल्याने त्याला शून्यातून सुरुवात करावी लागली. दर महिन्याला किती लोकांनी बघितलं हा रिपोर्ट नको, किती मेसेज, किती ऑर्डर आणि एका ऑर्डरला किती पडले, एवढे तीन आकडे द्या म्हणून सांगा. जे हे द्यायला तयार नाहीत त्यांच्याकडे जाऊच नका.

वेबसाइट आत्ता नको, कॅटलॉगवर काम भागतंय. डोमेन मात्र आजच स्वतःच्या ईमेलवरून घेऊन ठेवा, नाव चांगलं आहे तुमचं, दुसऱ्या कोणी घ्यायला नको. इनसाइट्समध्ये शहरं कुठली निघाली ते कळवा, पुण्यापेक्षा मुंबई जास्त असेल तर पहिली जाहिरात तिकडे लावू.